सारखं त्याच्यावरच राज्य

गणवेश शिवणं हा माझा धंदा. सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत दहा मशीनचं छोटं युनिट आहे. पांढरे शर्ट, निळ्या चड्ड्या, मुलींचे ट्यूनिक. मुलाच्या शाळेचे शर्टही आमच्याकडंच होतात. त्यामुळं त्याच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची छाती-बाही मला पाठ आहे. त्यातल्या एकालाही माझ्या पोराच्या शेजारी बसायचं नव्हतं, हे मात्र मला तो चौथीत असताना, फेब्रुवारीत कळलं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत नळावर ढकलाढकली झाली आणि एका मुलाचा पुढचा दात अर्धा तुटला. फोन आला तेव्हा मी कटिंगच्या टेबलावर होतो, खडू हातातच राहिला. ऑफिसात तीन आया बसलेल्या. दातवाल्या मुलाची एकटीच असेल असं वाटलं होतं, पण बाकीच्या दोघी आपापली जुनी प्रकरणं घेऊन आल्या होत्या. मुख्याध्यापक सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही दाखला काढून घ्या, त्याच्याही भल्याचं आहे." पोरगं कोपऱ्यात उभं होतं. मला वाटलं रडत असेल. रडत नव्हतं. "त्यानं मुद्दाम पाणी उडवलं" एवढंच एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतं.

तक्रारी दुसरीपासूनच होत्या. चावला, डबा सांडला, पट्टी मोडली, खेळात हरला की चेंडू घेऊन पळाला. डायरीत लाल शाई असायचीच. आमच्याकडं त्यावर एकच औषध होतं. माझ्या हातात दिवसभर लाकडी पट्टी असते, संध्याकाळी तीच वापरायची. तिसरीत तर मी स्वतः बाईंना सांगून आलो होतो, "दोन ठेवून द्या, माझी परवानगी आहे." बाई वयानं लहान, पण ठाम. म्हणाल्या, "शिक्षण हक्काचा कायदा आहे २००९ चा, कलम १७. मुलाला मारायचंही नाही आणि अपमानही करायचा नाही. तुमच्या परवानगीनं कायदा बदलत नाही." मला त्यांचा रागच आला होता. पुढं त्याच कायद्याचं कलम १६ माझ्या उपयोगी पडलं. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मी ते कुणाच्या अंगावर फेकलं नाही, फक्त अर्जात लिहिलं. दाखल्याचा विषय पुन्हा निघाला नाही. शाळेचे ऑर्डरचे पैसे मात्र त्या वर्षी उशिरा आले. मुद्दाम, असं मला वाटलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

फेब्रुवारीतल्या त्या रात्री बायकोनं १४४१६ ला फोन लावला. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे हा, सरकारी, फुकट. मराठीत बोलता येतं. मी बाजूला बसून "काय उपयोग" असा चेहरा करून ऐकत होतो. पलीकडच्या बाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जाऊन या म्हणाल्या. मानसोपचार हा शब्द ऐकून माझ्या आईनं देवासमोर हात जोडले. पोराला वेड लागलंय असं ती आठवडाभर धरून बसली.

केसपेपर काढून बाकावर बसलो. आधी कान आणि डोळे तपासून आणायला सांगितलं. नीट ऐकू न येणारं मूलही "सांगितलेलं ऐकत नाही" या यादीत जातं म्हणे. मग फॉर्म. एक आम्ही भरायचा, एक वर्गशिक्षिकेनं. मला वाटलं होतं डॉक्टर पोराकडं बघून पाच मिनिटांत सांगतील, तर तिसऱ्या खेपेपर्यंत त्यांनी काहीच सांगितलं नाही. अतिचंचलतेचा आजार म्हणायचा तर त्याची लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून हवीत, सहा महिने टिकलेली हवीत आणि घर, शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसायला हवीत. फक्त वर्गात दिसतात म्हणून शिक्का मारायचा नसतो. आमच्या फॉर्मांवरून ते पुरतं जुळत नव्हतं. "औषधाची गरज मला दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. खरं सांगायचं तर मी निराश झालो. गोळी असती तर बरं झालं असतं. गोळीला वेळ लागत नाही आणि गोळी बापाला प्रश्न विचारत नाही.

कारण पुढचा प्रश्न तोच होता. घरी कोण मारतं?

मी पट्टीचं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी आमच्या घरातली एक साधी संध्याकाळ सविस्तर विचारली. तो मोबाइल मागतो. आई नाही म्हणते. तो ओरडतो, भांडी आपटतो. स्वयंपाकाच्या घाईत ती देऊन टाकते. दुसऱ्या दिवशी मी घरी असतो, मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडतो, पट्टी उचलतो, तो गप्प होतो. म्हणजे पहिल्या दिवशी तो शिकला की ओरडलं की मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी मी शिकलो की मारलं की गप्प बसतो. दोघांचीही शिकवणी रोज चालू. अमेरिकेत ऑरेगनमध्ये जेराल्ड पॅटर्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं घराघरांत बसून हेच टिपून ठेवलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. शाळेत पोरगं वेगळं काही करत नव्हतं. घरी चालणारं नाणं तिथं चालवून बघत होतं.

आता इथं माझी एक चूक सांगतो. एप्रिल ते जून आमचा सीझन. रात्री बारापर्यंत मशीन चालतात. दोन तारखा मी बुडवल्या. त्यातच मेहुण्यानं सुचवलं की सुट्टीत एक शिस्तीचा वर्ग चालतो, फक्त हूड पोरांसाठी, महिनाभरात सरळ करतात. मी फी भरून मोकळा झालो. महिन्यानं पोरगं आलं ते चार नव्या शिव्या आणि एक नवी ऐट घेऊन. तिथं सगळी एकाच मापाची पोरं. ज्यानं शाळेत सगळ्यात मोठा पराक्रम केला त्याची गोष्ट ऐकून बाकीची हसायची. आमच्या पोराच्या दाताच्या किश्शाला तिथं पहिल्यांदा कुणीतरी टाळ्या दिल्या होत्या.

सिव्हिलमधून आम्हाला ज्या समुपदेशक मॅडमकडं पाठवलं होतं, त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. अशा मुलांना एकत्र कोंबून सुधारायला गेलं की ती एकमेकांना बिघडवतात, हे थॉमस डिशियन या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच दाखवून दिलंय म्हणाल्या. मदत करायला जावं आणि नुकसान व्हावं. मी फी किती भरली ते त्यांना सांगितलं नाही.

मॅडमची पद्धत वेगळी होती. त्या पोराला छोट्या गोष्टी सांगायच्या आणि विचारायच्या, का झालं असेल? तू रांगेत उभा आहेस, मागच्याचा धक्का लागला. का? "मुद्दाम." तुझ्या वहीवर कुणाचं तरी पाणी सांडलं. "मुद्दाम." मित्रानं हाक मारली तरी बघितलं नाही. "मुद्दाम." दहा गोष्टींत नऊ वेळा मुद्दाम. दहावी गोष्ट कुत्र्याची होती.

केनेथ डॉज या संशोधकाचा १९८० चा एक प्रयोग त्यांनी आम्हाला सांगितला. मुलगे घेतले, काही मारकुटे, काही नाहीत. प्रत्येकाला एक कोडं जुळवायला दिलं आणि दुसऱ्या कुणा मुलानं ते मोडलं असं भासवलं. मुद्दाम मोडलं हे उघड असेल तेव्हा सगळेच चिडले. चुकून मोडलं हे उघड असेल तेव्हा सगळ्यांनीच सोडून दिलं. फरक पडला तो मधल्या जागी, जिथं चुकून की मुद्दाम हे कळायला मार्ग नव्हता. तिथं मारकुट्या मुलांनी ते मुद्दामच धरलं.

"तुम्हीही सांगा," असं म्हणून मॅडम माझ्याकडं वळल्या. "व्यापाऱ्यानं दोनदा फोन उचलला नाही. का?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. बायको खिडकीबाहेर बघत होती, तिचे खांदे हलत होते. हसत होती. हैदराबादच्या पार्टीनं पैसे लटकवले, मुद्दाम. कारागीर सोमवारी आला नाही, मुद्दाम. शेजाऱ्यानं दारात गाडी लावली, मुद्दाम. घरात दिवसभर मी फोनवर हेच बोलतो. पोरगं बाजूला बसून बटणं निवडतं आणि ऐकतं. ते दुसरं काय शिकणार होतं?

तर घरी दोन गोष्टी चालू झाल्या. एक म्हणजे पट्टी दुकानात ठेवून घरी यायचं, अक्षरशः. चुकलं की मोबाइल पंधरा मिनिटं कमी, त्यावर भाषण नाही, आणि एकदा नाही म्हटलं की नाहीच. हे बायकोला जमलं, मला जमायला पावसाळा उजाडला. दुसरी गोष्ट म्हणजे रात्री जेवताना तिघांनी दिवसातलं एक "मुद्दाम की चुकून" सांगायचं आणि बाकीच्यांनी पुरावा मागायचा. आई ज्वारीची भाकरी थापता थापता म्हणायची, "काय कोर्ट चालवायलाय बे घरात!" पण तीच सगळ्यात जास्त रमली.

जूनमध्ये पाचवी सुरू झाली. त्याआधी मी एक हट्ट धरला होता. शाळा बदलू. विजापूर रोडला चांगल्या शाळा आहेत, तिथं कुणी ओळखत नाही, पाटी कोरी. मॅडमनी थेट नाही म्हटलं नाही, अजून एक प्रयोग सांगितला. १९८३ मध्ये कोई आणि कुपरस्मिट या दोन संशोधकांनी चौथीतल्या मुलग्यांचे चार-चारचे गट केले आणि आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे खेळायला सोडले. काही गट ओळखीच्यांचे, काही पूर्ण अनोळखी. तिसऱ्या बैठकीपर्यंत अनोळखी गटांतही शाळेत नकोसा असलेला मुलगा नकोसा झाला होता. उलट, शाळेत कुणाच्या खिजगणतीत नसलेली गप्प मुलं नव्या गटात थोडी मोकळी झाली. "तुमचा मुलगा गप्प असता तर मी शाळा बदला म्हटलं असतं," मॅडम म्हणाल्या. "तो वागणं सोबत घेऊन जाईल. आधी ते बदलू." माझे ॲडमिशनचे पैसे वाचले, एवढं मात्र मला लगेच पटलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यानंतर डायरीत लाल शाई आली नाही. सप्टेंबर, ऑक्टोबर. दिवाळीत मी पेढे वाटायचा बाकी होतो.

आणि नेमकं तेव्हा लक्षात आलं की त्याच्याशी अजूनही कुणी खेळत नाही.

मी अंगणातून बघायचो. संध्याकाळी गल्लीत लपंडाव, डबा ऐसपैस, क्रिकेट चालायचं. लपंडावात याला घेतलं तर राज्य सारखं याच्यावरच. चकायच्या वेळी काय हातचलाखी करायचे देव जाणे, पाच वेळा चकले तर पाच वेळा हाच राहायचा. आणि हा शोधायला लागला की बाकीची पोरं घरी निघून जायची. एकदा अर्धा तास हा मोकळ्या गल्लीत जिन्याखाली, रिक्षामागं शोधत फिरत होता. लहान पोरांना निदान लिंबू-टिंबू म्हणून तरी खेळात घेतात. याला तेवढंही स्थान नव्हतं. यानं कुणाला मारून तीन महिने झाले होते, पण ते गल्लीला कुणी कळवलं नव्हतं. पोरांच्या खात्यात जुनी बाकी तशीच होती.

मला वाटत होतं, मारणं थांबलं की झालं. ते अर्धंच काम निघालं. नको ते करायचं सोडलं, पण हवं ते करायला हा कधी शिकलाच नव्हता. खेळ चालू असेल तर हा मध्ये घुसून बॅट धरायचा, नाहीतर "हे असं नसतं, मला नियम माहितीय" म्हणायचा. मॅडम म्हणाल्या की नावडत्या मुलांच्या घुसण्याची हीच तऱ्हा असते. स्वतःकडं लक्ष ओढायचं, चालू खेळ अडवायचा. ज्यांना सहज घेतात ती पोरं आधी बाजूला उभी राहतात, काय चाललंय ते बघतात, मग त्या खेळाबद्दलच एखादा शब्द टाकतात. मग आमची गच्चीवर तालीम सुरू झाली. मी बॅटिंग, बायको बॉलिंग, आज्जी विकेटकीपर खुर्चीत. पोरानं कठड्याला टेकून एक ओव्हर नुसती बघायची. चेंडू लांब गेला तर आणून द्यायचा. "भारी मारला" म्हणायचं. ओव्हर संपल्यावरच विचारायचं. नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी परत. शेजारच्या बिल्डिंगमधून लोक बघायचे. बघू देत.

गल्लीत पहिल्या आठ दिवसांत त्याला एकदाही घेतलं नाही. तो नुसता चेंडू आणून देत होता. मला हे बघवत नव्हतं. एका संध्याकाळी मी खाली उतरून पोरांना झापणार होतो, बायकोनं शर्ट धरून मागं ओढलं.

दिवाळीनंतर शाळेत सहलीची तयारी होती. पाचवीच्या बाईंनी मॅडमच्या सांगण्यावरून वर्गात चिठ्ठ्या लिहून घेतल्या. बसमध्ये कुणाच्या शेजारी बसायला आवडेल, तीन नावं. कोण नको असं मुद्दाम विचारलं नाही. चिठ्ठ्या फक्त बाईंनी वाचल्या. आम्हाला एवढंच सांगितलं की आमच्या मुलाचं नाव एकाही चिठ्ठीत नाही. आणि अजून एक मुलगा आहे, त्याचंही नाही. पण तो कुणाला नकोसा नाही, तो कुणाला आठवतच नाही. हे दोन प्रकार वेगळे, मॅडमनी आधीच समजावलं होतं.

आमच्या पोरानं कुणाची नावं लिहिली होती ते बाईंनी सांगितलं नाही. ते त्यानंच घरी सांगितलं. पहिलं नाव दात तुटलेल्या मुलाचं होतं. उरलेली दोन राज्य देऊन पळून जाणाऱ्यांची. मी त्या रात्री युनिटवर जाऊन उगाच काज-बटणाचं मशीन उघडून साफ करत बसलो.

पुढच्या सोमवारी वर्गातले बाक बदलले. याच्या शेजारी एक बारीक, गप्प मुलगा आला. दोन गल्ल्या सोडून राहतो, घरात तेलुगू बोलतात, आजोबांचे माग होते. मराठी बोलताना अडखळतो म्हणून वर्गात तोंडच उघडत नाही. बाईंनी काही सांगितलं नाही, पण चिठ्ठ्यांत नाव नसलेला दुसरा मुलगा कोण ते मला कळलं.

मॅडमचा नियम होता : घरी बोलवायचा तर एकच मुलगा, एकच तास, मोबाइल-टीव्ही बंद, आणि भांडण व्हायच्या आत वेळ संपवायची. पहिल्यांदा काय खेळणार हा प्रश्न होता. कॅरम लावला तर हा सोंगटी ढापणार हे मला माहीत होतं. मग मी दोघांना युनिटवर नेलं. कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांचा ढीग असतो. म्हटलं, चेंडू करा. हा घट्ट गुंडाळायला लागला आणि त्या पोरानं सुतळी अशी आवळली की माझा कटिंग मास्टर उठून बघायला आला. मागवाल्यांचं घर, गाठ मारायला कुणी शिकवावी लागत नाही. बरोबर पन्नासाव्या मिनिटाला यानं तो चेंडू ओढून "माझ्या पप्पांचा कपडा आहे" म्हटलंच. मी घड्याळाकडं बघून दोघांना बन खायला बाहेर नेलं. दुसऱ्या वेळी दोन चेंडू केले. पाचव्या वेळेपर्यंत पांढऱ्या-निळ्या चिंध्यांचे सोळा चेंडू झाले होते आणि गल्लीतल्या क्रिकेटला रबरी चेंडू परवडत नव्हता. तो नाल्यात जायचा. त्यामुळं चेंडूवाल्या दोघांना टीममध्ये घेणं भाग पडलं. लाच म्हणा हवं तर. मी धंदेवाला माणूस आहे, सॅम्पल दिल्याशिवाय ऑर्डर येत नाही हे मला माहितीय.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला, म्हणजे आमच्या गड्ड्याला, होम मैदानावर दोघांना घेऊन गेलो. दोघं आकाशपाळण्यात बसले. हा वरून ओरडत होता, तो डोळे मिटून याचा शर्ट धरून बसला होता. खाली उतरल्यावर तो त्याच्या आईला तेलुगूत काहीतरी लांबलचक सांगायला लागला, ती बघतच राहिली. एवढं बोलतो हा, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

बाकी वर्ग अजून तसाच आहे. फेब्रुवारीत बाईंनी परत चिठ्ठ्या घेतल्या, आमच्या पोराच्या नावाच्या दोन निघाल्या. एक कुणाची ते उघड आहे. दुसरी कुणाची ते बाई सांगत नाहीत आणि घरात त्यावर रोज पैजा लागतात. दातवाल्या मुलाची आई अजून रस्त्यात भेटली तर मान वळवते. मुद्दामच वळवते, याला माझ्याकडं पुरावा आहे.

मागच्या आठवड्यात पोरगं गुडघा खरचटून आलं. लपंडाव खेळताना कुणीतरी ढकललं होतं. मी सवयीनं विचारलं, "चुकून असेल."

"नाही पप्पा. आधी माझ्याकडं बघितलं, मग ढकललं, मग हसला. मुद्दाम होतं."

पुरावा चोख होता. मला काय म्हणावं सुचेना. "मग तू काय केलंस?"

"काय करणार? राज्य होतं की माझ्यावर," तो गुडघ्यावर पाणी ओतत म्हणाला. "त्यालाच पहिल्यांदा शोधलं."